थांबताना थरथरणारी गाडी

“वाहन खाऱ्या पाण्यातून अथवा खड्ड्यांतून निष्काळजीपणे चालवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.”

हे वाक्य एका सर्व्हिस सेंटरच्या कागदावर होतं. सर्व्हिस सेंटर मुंबईच्या वाटेवरचं, काचेचं, वातानुकूलित. कागद चार पानांचा. साडेतीन पानं संगणकाने तपासलेल्या आकड्यांची, आणि सगळे आकडे ठीक. शेवटी हे एक वाक्य आणि त्याखाली शिफारस: गिअरबॉक्स पूर्ण बदलावा.

बोईसरला गॅरेज टाकण्याआधी चार वर्षं मी एका जिल्हा दैनिकाचा पालघरचा बातमीदार होतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलं आहे. त्यात आरोप असतो, आरोप करणारा नसतो. त्यामुळे कागद वाचून एवढं कळलं की सर्व्हिस सेंटरला दोष सापडलेला नाही, माणूस सापडला आहे.

माणूस म्हणजे रघुनाथ तांडेल. ड्रायव्हर, वय बावन्न, राहणार मुरबे. तरुणपणी बोटीवर खलाशी, नंतर बोटीच्या इंजिनावर, आणि गेली चौदा वर्षं गाडीवर. त्याचे मालक जगताप साहेब मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा रसायनाचा लहान कारखाना आहे आणि चिंचणीला समुद्राजवळ बंगला. गाडी हायब्रिड, चार वर्षं वापरलेली. तक्रार एकच: गेले चार महिने गाडी थांबता थांबता थरथरते.

बोईसरमध्ये ड्रायव्हरची नोकरी एका फोनवर ठरते. नवा मालक जुन्या मालकाला विचारतो, माणूस कसा आहे. ‘गाडी मोडली’ एवढं उत्तर पुरतं. बावन्नाव्या वर्षी त्या उत्तरानंतर दुसरी गाडी मिळत नाही. कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा पणाला लागलं होतं ते हे. गिअरबॉक्स त्यानंतरचा.

दिवाळी अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी हायब्रिड गाडी बाहेरून पाहिली असेल. आतली व्यवस्था थोडक्यात अशी. गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेची मोटरही असते. हळू चालताना बहुधा मोटर ओढते, वेग वाढला की इंजिन जोडीला येतं. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटं काम करते. चाकांचा वेग खाते आणि त्याची वीज करून बॅटरीत भरते. म्हणजे पायाखाली ब्रेक असला तरी गाडी थांबवते मोटर. लोखंडाच्या चकतीला पॅडने चिमटा घेणारा नेहमीचा ब्रेक शेवटी, वेग दहाच्या आसपास उतरल्यावर कामाला लागतो. किंवा मग पाय एकदम जोरात दाबला तर.

या गाड्या आमच्या भागात आल्या तेव्हा सगळ्या गॅरेजवाल्यांना एकच सल्ला मिळाला. हात लावू नका. सल्ल्यात तथ्य होतं. केशरी आवरणाच्या वायरमध्ये माणूस मारण्याइतका दाब असतो आणि तिला हात लावण्याचं प्रशिक्षण माझं नाही. मी ती वायर कधी सोडवलेली नाही. पण गाडीत केशरी वायर सोडून बाकीही पुष्कळ काही असतं. चार चाकं असतात, रबर असतं, हवा असते, गंज असतो. त्याला हात लावायला मला कुणाची परवानगी लागत नाही, आणि मी ती मागितलीही नाही.

केळव्याच्या एका पानवाल्या बागायतदाराची हायब्रिड हे पहिलं उदाहरण. बॅटरी तापल्याचा लाल इशारा वारंवार यायचा. त्यांना नवी बॅटरी घ्या असं सांगण्यात आलं होतं. मी मागचं दार उघडलं. सीटवर विड्याच्या पानांच्या करंड्या रचलेल्या, वर केळीची ओली पानं. सीटच्या बाजूला जाळी असते. बॅटरीला थंड हवा तिथून मिळते. करंडी बरोबर त्या जाळीला टेकलेली.

“करंडी दुसरीकडे ठेवा,” मी म्हणालो.

“दुसरीकडे पानं तापतात ना,” ते म्हणाले. “इथं गार लागतं.”

“तुमची पानं गार राहतात म्हणूनच बॅटरी तापते.”

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, “मग एक दिवस पानं, एक दिवस बॅटरी, असं चालेल?”

जाळीतला काथ्या आणि पानांचा चुरा काढला, करंडी हलवली, इशारा बंद झाला. बॅटरी आजही तीच आहे. गृहस्थ मात्र अधूनमधून फोन करून विचारतात की हिवाळ्यात तरी करंडी जाळीपाशी ठेवली तर काय बिघडेल.

जगताप साहेबांची गाडी इतकी सोपी निघाली नाही. त्यात पहिली चूक माझी झाली आणि तिचा भुर्दंड रघुनाथला बसला.

रघुनाथ गाडी घेऊन आला तो सोमवार होता. साहेबांनी कागद बरोबर दिला होता आणि दुसरं मत घ्यायला सांगितलं होतं.

“भाऊ, मी खाऱ्या पान्यात घातली नाय,” तो उतरल्या उतरल्या म्हणाला. “आपटली पन नाय. तुमी बगा आनि काय ते सांगा.”

“थरथर कधी येते?”

“थांबताना. गतिरोधकावर, गेटावर. वेगात असली का काय नाय, लोन्यावानी.”

मी गाडी आमच्याच गल्लीत फिरवली. इंजिन चालू होतं. थांबताना सीटखाली चार-पाच हलके हादरे आले आणि गेले. बॉनेट उघडलं तर इंजिनाला धरून ठेवणाऱ्या रबराच्या एका बैठकीला चीर दिसली. इंजिन कमी वेगात हलतं, बैठक फाटली असेल तर तो हादरा आत येतो. हा रोजचा, शंभरदा पाहिलेला दोष. मी जगताप साहेबांना फोन केला आणि म्हणालो, “इंजिनाची बैठक फाटलीय.”

“आपटल्याशिवाय फाटते का?”

“आपटून फाटते, वयानेही फाटते.”

त्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला. संध्याकाळी रघुनाथचा फोन आला. आवाज शांत होता.

“भाऊ, साहेबांनी उद्यापास्नं येऊ नको सांगितलं. म्हनाले, गॅरेजवाला पन तेच बोलला.”

मी तेच बोललो नव्हतो. पण तसं बोलायला जागा ठेवली होती. बातमीदाराला शिकवतात की कोण, काय, कधी, कुठे हे आधी गोळा कर, ‘का’ शेवटी. मी एका फेरीत ‘का’ला हात घातला आणि तो फोनवर सांगूनही टाकला.

मंगळवारी नवी बैठक आली. अशरफ आणि मी ती बसवली. अशरफ माझ्या शेजारच्या गाळ्यात लेथ चालवतो. ब्रेकच्या चकत्या आणि ड्रम घासणं हे त्याचं काम. जौनपूरचा, पंचवीस वर्षं बोईसरमध्ये, आणि माझ्या प्रत्येक निदानावर त्याचं मत असतं. बैठक बसवून आम्ही फेरी मारली. वळणावर इंजिन आपोआप बंद झालं, गाडी नुसत्या मोटरवर आली. मी हळू ब्रेक दाबला. सीट थरथरली.

अशरफने डॅशबोर्डकडे पाहिलं. “उस्ताद, इंजन तो बंद है.”

“हो.”

“फिर काँप कौन रहा है? मुर्दे को सर्दी लगती है क्या?”

त्याचं बरोबर होतं. इंजिन बंद असताना येणारा हादरा इंजिनाचा असू शकत नाही. ही तपासणी सोमवारी दोन मिनिटांत झाली असती. मी इंजिन बंद होण्याची वाट पाहिली नव्हती, इतकंच.

मी साहेबांना फोन करून सांगितलं की माझं निदान चुकलं, बैठकीची चीर जुनी होती आणि तिचा या थरथरीशी संबंध नाही. नव्या बैठकीचे पैसे मी घेणार नव्हतो. रघुनाथबद्दल त्यांनी समज करून घेतला असेल तर तो माझ्या चुकीवर उभा आहे, हेही सांगितलं.

“अहो राऊत, तुमचं एकदा चुकलं, आता काय तुमच्यावर गाडी ठेवू?” ते म्हणाले. “शनिवारी ती सर्व्हिस सेंटरला जाणार. गिअरबॉक्स बदलून टाकतो, विषय संपवतो.”

“विषय तुमचा संपेल. तांडेलांचा नाही.”

“शुक्रवारपर्यंत गाडी तुमच्याकडे आहे,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गिअरबॉक्स बदलला तर कागदावरचं वाक्य कायम होणार होतं. बदलावा लागला म्हणजे मोडला होता, मोडला म्हणजे कुणीतरी मोडला. शिवाय सर्व्हिस सेंटर एवढं मोठं काम करताना ब्रेकही साफ करून देणार, थरथर जाणार, आणि ती कशाने गेली हे कुणालाच कळणार नाही. तेव्हा माझा ब्रेकवर नुसता संशय होता. पुरावा नव्हता. आणि एकदा तोंड पोळल्यामुळे संशय कुणाला सांगायचा नाही असं ठरवलं होतं.

गुरुवारी मी मुरब्याला गेलो. रघुनाथ घराबाहेर जाळं घेऊन बसला होता. त्याची बायको बोंबील निवडत होती. मी कोण ते तिने ताडलं आणि पाट दिला नाही.

“ह्येच का ते गॅरेजवाले?” तिने नवऱ्याला विचारलं.

“ह्येच.”

“मंग आता काय बगायला आले?”

मी माझी चूक जशी होती तशी सांगितली. ती ऐकत होती, हात थांबले नव्हते. मग म्हणाली, “चूक झाली बोललात ना, बरं झालं. साहेबाला बोललात का?”

“बोललो.”

“काय बोलला?”

“शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय.”

तिने पाट पुढे सरकवला.

मी रघुनाथला विचारलं ते सर्व्हिस सेंटरने विचारायला हवं होतं. त्यांच्या चार पानांत ड्रायव्हरशी बोलल्याची एक ओळ नव्हती.

“सकाळी गाडी पहिल्यांदा हलते तेव्हा काही आवाज येतो?”

“येतो ना. मागनं, कट् करून. रोज. मी म्हनतो, उटली बाय.”

“दोन दिवस उभी राहिली तर?”

“मंग मोटा येतो.”

“उद्या या,” मी म्हणालो. “गाडी तुम्ही चालवायची.”

“साहेबांनी येऊ नको सांगितलंय.”

“साहेबांच्या कारखान्यात. माझ्या गॅरेजात कुणी यायचं ते मी ठरवतो.”

शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुटी असते. ट्रक नसतात, रस्ते सरळ आणि रिकामे. रघुनाथ चालवायला, मी मागच्या सीटवर, अशरफ रस्त्यावर. थरथर हमखास आणायची तर गाडी रघुनाथच्याच पायाखाली हवी होती. त्याचा ब्रेक इतका मऊ आहे की मागे चहाचा कप ठेवला तर सांडणार नाही.

पहिली तपासणी खडूची. मागच्या डाव्या टायरवर अशरफने खडूने जाड रेघ ओढली. रघुनाथने गाडी माणसाच्या चालीने सोडली आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवला. अशरफ शेजारून चालत रेघेवर नजर ठेवून होता. हादरा आला की मी ‘आता’ म्हणायचं. आठ वेळा ‘आता’ म्हटलं आणि आठही वेळा रेघ त्याच जागी, चाकाच्या मागच्या बाजूला होती. चाकाच्या एका फेरीला एक हादरा. म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या कशात तरी होता.

पण पुढच्या चाकांबरोबर गिअरबॉक्सही फिरतो. म्हणून दुसरी तपासणी. रघुनाथने वेग चाळीसवर नेला आणि गाडी न्यूट्रलला टाकली. न्यूट्रलमध्ये मोटर चाकांचा वेग खात नाही. थांबवण्याचं सगळं काम लोखंडी ब्रेकवर येतं. त्याने पाय टेकवला. आजवर फक्त दहाच्या खाली येणारी थरथर चाळीसलाच सुरू झाली, तीसला राहिली, वीसला राहिली, थांबेपर्यंत राहिली.

“आयला,” रघुनाथ म्हणाला. चार महिन्यांत त्याने ही थरथर या वेगाला कधी पाहिली नव्हती.

तिसरी तपासणी शेवटची. ब्रेकवरचा पाय काढायचा आणि हँडब्रेक, बटण दाबून धरून, हळूच वर घ्यायचा. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. या गाडीच्या मागच्या चाकांना गिअरबॉक्स जोडलेलाच नाही. रघुनाथने दांडा दोन दाते उचलला आणि माझ्या खालची सीट थरथरली.

अशरफ खिडकीशी आला. “क्या बोलते हो उस्ताद, गिअरबॉक्स खोलूँ?”

“चाक खोल.”

गॅरेजवर आल्यावर आधी साधी बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, कारण या गाडीचा ब्रेक नुसतं दार उघडलं तरी स्वतःहून दाब घेतो आणि बोटं आत असतील तर ती जातात. मागचं डावं चाक उतरवलं. चकतीच्या चकाकत्या पट्टीवर पॅडच्या आकाराचा एक गडद डाग होता. कडा इतक्या रेखीव की पॅड त्यावर ठेवला असता तर मोजून बसला असता. उजव्या चाकावरही होता, थोडा फिका.

गंजाचा डाग. ओली चकती, तिच्यावर रात्रभर आवळलेला पॅड, वर खारी हवा. सकाळी ‘कट्’ होऊन पॅड सुटायचा, त्याखालची जागा खरखरीत राहायची. साध्या गाडीत दोन-चार ब्रेकमध्ये ती घासून निघते. हायब्रिडमध्ये थांबवते मोटर, आणि रघुनाथचा पाय तर मऊ. पॅडला घासायची संधीच मिळत नव्हती. डाग रोज थोडा वाढत होता. निष्काळजी ड्रायव्हरच्या हातात ही गाडी कदाचित थरथरलीच नसती.

पण चकती रोज ओली कशाने व्हायची?

“मी धुतो ना,” रघुनाथ म्हणाला. “चिंचनीला दर्या समोर. रोज सांजच्याला नळी मारतो, चाकांत पन, मंग हँडब्रेक वडतो आन ताडपत्री टाकतो. बोटीवरनं आलं का लोखंड गोड्या पान्यानं धुवायचं, झाकायचं. बापानं शिकवलं.”

“धुतल्यावर बोटीवर काय करायचात?”

त्याने चकतीवरच्या डागावरून बोट फिरवलं. “तेलाचा हात,” तो म्हणाला. “तेलाचा हात मारायचा. इथं कसा मारनार.”

ब्रेकच्या चकतीला तेल लावता येत नाही. बापाने शिकवलेल्या कामातला अर्धा भाग गाडीवर होऊ शकत नव्हता, आणि उरलेला अर्धा रघुनाथने चार वर्षं एक दिवस न चुकता केला होता.

अशरफने दोन्ही चकत्या लेथवर घासल्या. पॅड नवे घातले, पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या गंजलेल्या पिना साफ करून ग्रीस लावलं. घासण्याआधी डागांचे फोटो काढले. दुपारी त्याच रस्त्यावर त्याच तीन तपासण्या पुन्हा केल्या. थरथर नव्हती.

मग मी लिहायला बसलो, आणि इथे मला थांबावं लागलं. धुण्याचा भाग लिहिला तर साहेब म्हणणार, म्हणजे शेवटी ड्रायव्हरच. नाही लिहिला तर माझाही कागद त्या चार पानांच्या जातीचा होणार. मी रघुनाथला विचारलं.

“लिवा,” तो म्हणाला. “मीच धुतली. त्याच्यात लपवायचं काय?”

कागद एका पानाचा झाला. तक्रार, माझं चुकलेलं निदान, तीन तपासण्या, डाग, त्याचं कारण, धुणं आणि हँडब्रेक. पुढची सूचना: धुतल्यावर गाडी थोडी फिरवून ब्रेक सुकवावा, बंगल्यात सपाटीवर चाकाला लाकडी ठोकळ्याची उटी लावावी आणि हँडब्रेक मोकळा ठेवावा, दिवसातून एकदा रिकाम्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबावा. शेवटी: खाऱ्या पाण्याचा वा आदळल्याचा पुरावा नाही, गिअरबॉक्समध्ये दोष नाही. ‘शक्यता’ हा शब्द कुठेही नाही.

जगताप साहेब पाच वाजता आले. रघुनाथला पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली. मी मागची सीट दाखवली. रघुनाथने त्यांना दोन फेऱ्या मारून आणल्या. परत आल्यावर त्यांनी फोटो पाहिले आणि कागद उभ्यानेच, दोनदा वाचला.

“म्हणजे राऊत, शेवटी याच्या धुण्यानेच झालं ना? मग दोष कुणाचा?”

मी उत्तर देणार होतो. रघुनाथने मला हाताने थांबवलं.

“धुतली तो माजा, साहेब,” तो म्हणाला. “मोडली बोललात तो तुमचा. माजा हितं लिवलेला हाय. तुमचा पन लिवा.”

अशरफने लेथ बंद केला. साहेबांना तसं कुणी बोलत नसावं.

“काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“गाडी मोडली नाय, येवडंच.”

त्यांनी माझ्या बाकावर कागद ठेवून खाली दोन ओळी लिहिल्या: गाडी चालवण्यात तांडेल यांचा कोणताही दोष आढळला नाही, त्यांना कामावरून थांबवणं चूक होती. सही केली. रघुनाथने ओळी सावकाश वाचल्या, कागदाचा फोटो काढला आणि मगच विचारलं, “सोमवारी किती वाजता?”

“साडेसहा.”

सर्व्हिस सेंटरला मी कागदाची प्रत पाठवली. उत्तर आलं नाही. एका ओळखीच्याकडून कळलं की तिथे कुणीतरी म्हणालं, बोईसरच्या गॅरेजवाल्यांनी हायब्रिडला हात लावू नये. माझ्या गॅरेजात सध्या दोन हायब्रिड उभ्या आहेत.

रघुनाथ तीच गाडी चालवतो. दिवसातून एकदा जोरात ब्रेक दाबणं त्याच्या पायाला अजून पटलेलं नाही. तरी सूचना म्हणजे सूचना. रोज सकाळी चिंचणीहून कारखान्याकडे येताना, सरळ रस्त्यावर मागेपुढे कुणी नाही याची खात्री करून, तो आरशात बघतो आणि म्हणतो, “साहेब, धरून बसा.”

साहेब धरून बसतात.